पांदणीच्या वाटेची गाडी

वर्धा जिल्ह्याच्या भूमीला दोन स्वभाव आहेत. उत्तरेस आर्वी, आष्टी आणि कारंजा ह्या तालुक्यांत सातपुड्याकडून उतरत आलेल्या टेकड्या आहेत आणि तेथील वाट मुरुमाची, गोट्यांची, नाल्यांनी ठिकठिकाणी चिरलेली अशी आहे. दक्षिणेस हिंगणघाट-समुद्रपूरच्या सपाटीवर मात्र काळ्या मातीचा थर इतका खोल आणि इतका चिवट, की वैशाखात तिला पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मृगाच्या दोन सरी कोसळल्या की तीच माती फुगून, आपल्या भेगा आपणच मिटवून, माणसाच्या पायाला, बैलाच्या खुराला आणि गाडीच्या चाकाला सारख्याच हट्टाने धरून बसते. ह्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी वाहतुकीस खुला झाला, येळाकेळीपाशी त्यावर चढण्या-उतरण्याची तजवीज झाली, आणि दुचाकीला त्यावर मज्जाव झाला. ज्या वाहनावर ह्या जिल्ह्यातील बहुसंख्य कष्टकरी माणसे आपला दिवस काढतात त्याच्या वाट्याला जुना डांबरी रस्ता आणि त्याला फुटलेल्या पांदणी एवढेच उरले. तेव्हा पांदणीतून जाणारी दुचाकी कशी असावी हा प्रश्न येथे छंदाचा नसून रोजच्या वहिवाटीचा आहे.

ह्या प्रश्नावर आमच्या शेजारच्या घरी मामा-भाच्यांत जो वाद झाला तो मी ओसरीवर बसून ऐकला, आणि अधूनमधून, कोणी विचारले नसतानाही, त्यात तोंड घातले. मामाजी भूमी अभिलेख खात्यातून मोजणीदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या नोकरीचा मोठा काळ राजदूत मोटारसायकलीवर गेला. एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या एस.एच.एल. एम-११ ह्या गाडीवरून बनविलेली ती १७३ घनसेंटिमीटरची, टू-स्ट्रोक इंजिनाची, पेट्रोलात ऑइल मिसळून चालणारी गाडी दुधाचे कॅन दोहों बाजूंना लटकवून गावोगाव हिंडणाऱ्या गवळ्यांनी जितकी वापरली तितकीच शंकू-साखळी कॅरिअरला बांधून हिंडणाऱ्या मोजणीदारांनीही वापरली. भाचा कृषि सहायक. मातीचे नमुने, गुलाबी बोंडअळीसाठी लावावयाचे कामगंध सापळे आणि सरकारी दप्तर घेऊन त्याला कपाशीच्या धुऱ्या-बांधांपर्यंत जावे लागते. त्याने हिरो कंपनीची एक्सपल्स २०० ही गाडी जुन्या बाजारातून घेतली होती. मे २०१९ मध्ये बाजारात आलेल्या ह्या गाडीचे इंजिन १९९.६ घनसेंटिमीटरचे, पुढचे चाक २१ इंची, मागचे १८ इंची, जमिनीपासूनची उंची २२० मिलिमीटर, आणि वजन दीडशे किलोंच्या थोडे वर. ह्याच कंपनीने २०११ साली काढलेली इम्पल्स ही हिची वडील बहीण. ती फारशी खपली नाही, पण डांबर आणि माती दोहोंवर चालणारी हलकी गाडी सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत देता येते हे तिने दाखवून दिले होते.

भाच्याने गाडीवर बसवावयाच्या वस्तूंची एक लांबलचक फर्द तयार केली होती आणि ती मामाजींपुढे ठेवण्याचा अविचार, किंवा आदर म्हणा, त्याने केला होता. मामाजींनी चष्मा चढवून ती फर्द एखाद्या हद्दीच्या तंट्यातील कैफियत वाचावी तशी शेवटपर्यंत वाचली आणि मग म्हणाले, "बाबू, गाडी हलकी म्हणून घेतलीस ना तू? मग ह्यात इंजिनाखालचा पत्रा आहे, बाजूचे लोखंडी गार्ड आहेत, ॲल्युमिनियमच्या दोन पेट्या आहेत, त्यांना धरणारा सांगाडा आहे, वर चार दिवे आहेत. हे सारे चढवल्यावर वीस-पंचवीस किलो वाढतील, आणि तू स्वतःच्या पैशाने हलकी गाडी मोडून जड गाडी करशील. जडच पाहिजे होती तर रॉयल एनफील्डची हिमालयन होती, जवळजवळ दोनशे किलोंची. ती आयतीच मिळाली असती."

"मामाजी, कंपनी गाडी बनवते ती साऱ्या देशासाठी," भाचा म्हणाला, "तिला हिंगणघाटची माती ठाऊक नाही. हत्याराला आपल्या कामाजोगे करून घेणे हे काही नवे खूळ नव्हे. आपल्या वर्ध्यातच मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाने जुनी तेलघाणी समोर ठेवून तिच्यात फेरफार केले आणि वर्धा घाणी निर्माण झाली. ती देशभर गेली. त्याच संघाच्या कुमारप्पांसारख्या माणसाने जिथे बसून यंत्र आणि माणूस ह्यांच्या नात्याचा विचार केला त्या गावात आपण राहतो. जुनी घाणी जशी होती तशीच ठेवा, असे तेव्हाही कोणीतरी म्हटलेच असेल."

हा दाखला मामाजींना अनपेक्षित होता. क्षणभर थांबून ते म्हणाले, "घाणीत जे बदलले ते बैलासाठी बदलले. त्याच बैलाच्या जोरावर अधिक तेल निघावे, ही त्यामागची दृष्टी. तुझ्या फर्दीतले काय काय बैलासाठी आहे आणि काय काय रस्त्यावर लोकांनी वळून पाहावे म्हणून आहे, ते तू मला सांग. बैल येथे तूच आहेस, हे विसरू नकोस. गाडी चिखलात आडवी झाली की ती उचलायची कोणी?"

त्या संध्याकाळच्या साऱ्या वादात मला हेच विधान सर्वांत मोलाचे वाटले, जरी ते ज्या माणसाने केले त्याने पुढे स्वतःच त्याचा काही ठिकाणी भंग केला.

भाच्याने मग थोडी दूरची साक्ष काढली. ही गाड्यांची जातच मुळी फेरफारातून जन्मली, असे त्याचे म्हणणे. रस्त्यावरच्या गाड्यांची मडगार्डे काढून, सायलेन्सर वर उचलून, त्यांना रानात पळविण्याचा उद्योग अमेरिकेत हौशी माणसे आधीपासून करीतच होती. १९६८ साली यामाहाने डी.टी.-१ ही अडीचशे घनसेंटिमीटरची हलकी गाडी त्याच हेतूने कारखान्यातून तयार करून दिली, आणि पुढे सर्वच कंपन्यांनी तो मार्ग धरला. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून डाकारकडे जी पहिली शर्यत निघाली ती सिरिल नवू ह्याने यामाहाच्याच एक्स.टी. ५०० वर जिंकली, तीही साध्या एका सिलिंडरची गाडी होती. आपल्याकडचा सी. एस. संतोष २०१५ मध्ये डाकार पुरी करणारा पहिला भारतीय ठरला, आणि पुढल्याच वर्षी हिरोने स्वतःचा शर्यतीचा चमू उभा केला. "त्या अनुभवातूनच ह्या गाडीसाठी रॅलीचा संच आला. अडतीस हजारांना मिळत असे. त्यात पुढचा शॉक २५० मिलिमीटर खेळतो आणि मागचा २२०. माझ्या गाडीचे हेच आकडे १९० आणि १७० आहेत."

"डाकारला धावणाऱ्याच्या मागे सामानाचे ट्रक येतात," मामाजी म्हणाले. "तुझ्या मागे कोण येणार?"

ह्यावर भाच्याला हसू आले. पण खरी गाठ पुढे पडली ती उंचीवरून. रॅलीच्या त्या घडणीची गाडी कंपनीने पुढे तयार स्वरूपातही विकली आणि तिच्या सीटची उंची ८९१ मिलिमीटर आहे. भाच्याची मूळ गाडी ८२३ मिलिमीटरची. हे आकडे ऐकताच मामाजींनी त्याला उभे केले, भिंतीशी टेकवले, आणि मोजणीदाराच्या सवयीने नजरेनेच त्याच्या पायांचे माप घेतले. मग त्यांनी जे सांगितले ते मी कोणत्याही जाहिरातीत वाचलेले नाही. डोंगरात गाडीचे पोट दगडाला लागते म्हणून ती उंच हवी, हे ते मान्य करतात. गरमसूरकडच्या वाटेवर जायचे असेल तर जरूर उंच करावी. परंतु काळ्या मातीत गाडीचे पोट क्वचितच अडते, अडते ते चाक. आणि चाक अडल्यावर गाडी पुढे न जाता तिरपी होते. त्या क्षणी दोन्ही पाय पुरे टेकले पाहिजेत, नुसती बोटे नव्हेत, कारण बोटांखालची माती साबणासारखी असते. "मी राजदूतवरून समुद्रपूर तालुक्यात किती वेळा उतरलो असेन याची गणती नाही, पण पडलो थोडा, कारण ती गाडी बुटकी होती आणि मी तिला दोन पायांच्या मध्ये घेऊन, बसल्या बसल्या, चालत असे." भाच्याने बराच वेळ युक्तिवाद केला, शॉक अधिक खेळला तर खड्ड्यात पाठ वाचते, हात दुखत नाहीत, वगैरे, आणि ते सर्व खरेही होते. पण अखेरीस रॅलीच्या संचावर त्याने स्वतःच्याच पेनाने आडवी रेघ मारली, आणि त्याऐवजी आपल्या वजनाप्रमाणे मागच्या शॉकचा ताण नीट करून घ्यावा, असे समासात लिहिले. मामाजींचा हा विजय निर्विवाद होता.

टायरांच्या बाबतीत मात्र त्यांची हार तितकीच निर्विवाद झाली. त्यांचा पक्ष असा, की बटन टायर म्हणजे मोठमोठ्या गुट्ट्यांचे टायर डांबरावर लवकर झिजतात, ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की घसरतात, आणि बुटीबोरी-वर्धा-यवतमाळ हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ ओलांडल्याखेरीज भाच्याचा दिवस सरत नाही. भाचा म्हणाला, "डांबरावर मी सावकाश जाईन, मामाजी; सावकाशपणाला इलाज असतो. चिखलात सावकाश गेले तरी गुळगुळीत टायर फिरतच राहतो. ह्या मातीचा गुण तुम्हीच सांगा. ती टायरच्या नक्षीत भरते, नक्षी दिसेनाशी होते, आणि मग तुमचे चाक मातीचेच एक गुळगुळीत चाक होऊन बसते. गुट्ट्यांमध्ये अंतर मोठे असले तर चाक जोराने फिरताना ती माती उडून पडते. तुमच्या राजदूतच्या मडगार्डात काय होत होते?"

काय होत होते ते मामाजींना आठवले, आणि ते त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. पुढचे मडगार्ड चाकाला इतके लगटून असे की कपाशीच्या शेतातून शंभर पावले गेल्यावर चाक आणि मडगार्ड ह्यांच्यामध्ये माती ठासून भरे, मग तिच्यात पऱ्हाट्यांच्या काड्या आणि गवत मिसळे, आणि अखेर चाक असे जाम होई की क्लच सोडला तर इंजिनच बंद पडे. मग उतरून, तुराटीची काडी घेऊन, मडगार्डाच्या आतून ती माती कोरून काढावी लागे, काडी मोडे, दुसरी घ्यावी लागे. पुष्कळ शेतकरी पावसाळ्यात मडगार्डच काढून ठेवीत आणि तोंडावर चिखल उडवून घेत. नव्या गाडीचे पुढचे मडगार्ड चाकापासून वितीच्या अंतरावर, चोचीसारखे पुढे काढलेले असते, हे मामाजींनी प्रथमच बारकाईने पाहिले आणि ते पाहून त्यांच्या मुद्रेवर जो भाव उमटला त्याला मत्सर असेच म्हणावे लागेल.

टायरातील हवा कमी ठेवण्याबद्दलही थोडी चर्चा झाली. ह्या गाडीच्या चाकांना स्पोक आहेत आणि आत ट्यूब आहे. चिखलात पकड यावी म्हणून हवा फार उतरवली तर टायर रिमवर सरकतो, त्याबरोबर ट्यूब ओढली जाते, आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी ती फाटते; मग पंक्चरचे ठिगळही कामाचे नाही. २१ इंची ट्यूब तालुक्याच्या दुकानात मिळेलच असे नाही, म्हणून ती एक जवळ बाळगावी. अडचणीच्या वेळी तीच मागच्या १८ इंची चाकात कशीबशी घालून घरापर्यंत येता येते. तिच्याबरोबर दोन टामी, एक हातपंप आणि चाक सुटेल एवढे पाने पुरेत. येथे दोघांचे इतके एकमत झाले की मला कंटाळा आला.

मग कायदा निघाला, आणि तो निघताच मामाजींच्या आवाजात सरकारी दप्तराची धार आली. नोंदणी-दाखला म्हणजे गाडीचा सात-बारा, हे त्यांचे सूत्र. त्यातील नोंदीशी जमिनीवरची वस्तुस्थिती जुळलीच पाहिजे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच निःसंदिग्धपणे सांगितले. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा फेरफार केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. "तुझ्या फर्दीत बदलाच्या सोळा बाबी आहेत. गुणाकार तू कर."

"सगळेच फेरफार त्या कलमाखाली येत नाहीत," भाचा म्हणाला. "इंजिनाखालचा पत्रा, हाताचे गार्ड, त्याच मापाचा दुसऱ्या नक्षीचा टायर, ह्यांनी दाखल्यातला एकही शब्द बदलत नाही. इंजिनची क्षमता, सांगाडा, रंग, ह्यांना मी हात लावणार नाही. एम.एच. ३२ चा, म्हणजे आपल्या वर्ध्याच्या परिवहन कार्यालयाचा, तपासनीस समोर आला तर त्याला दाखवायला मला काही लपवावे लागू नये, एवढे मी पाहीन."

"आणि सायलेन्सर?"

फर्दीत मोठ्या आवाजाचा सायलेन्सर होता. भाच्याचे समर्थन असे, की मूळ सायलेन्सर जड आहे आणि बाहेरचा बसवला तर काही किलो उतरतात. म्हणजे बैलाच्या खांद्यावरचे ओझेच कमी होते. युक्तिवाद चतुर होता. परंतु भाच्याच्या कार्यक्षेत्रातील दोन गावे हिंगणीच्या पुढे, बोरच्या रानाला लागून आहेत. १९७० पासूनचे ते अभयारण्य २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले, आणि त्या रानाच्या कडेने रात्री गर्जत जाणाऱ्या गाडीविषयी मामाजींनी जे शब्द वापरले ते येथे देण्याजोगे नाहीत. मी त्यांना दुजोरा दिला. हलकेपणाच्या नावाखाली गोंगाट विकत घेणे हा आजच्या तरुणांचा एक सार्वत्रिक व्यापार झाला आहे, आणि त्याची किंमत नेहमी दुसऱ्याच्या कानांनी मोजली जाते. सायलेन्सरवर रेघ पडली. मागचा साडी गार्ड काढण्याच्या कलमावर तर भाच्याच्या आईनेच आतून हरकत घेतली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ मागील चाकाचा निम्मा भाग झाकणारे संरक्षण मागतो, हे तिला माहीत नव्हते. केळझरच्या गणपतीला ती ह्याच गाडीवर, नऊवारी नेसून, मागे बसून जाते, एवढेच तिला माहीत होते.

सामान वाहण्याविषयी मामाजींनी एक सूचना केली आणि ती मला फार पसंत पडली. ॲल्युमिनियमच्या पेट्या दिसायला भरदार. पण चिखलात गाडी आडवी होते तेव्हा पेटीच्या कोपऱ्याखाली पोटरी सापडते आणि मग गाडी उचलण्याआधी पाय सोडवावा लागतो. त्याऐवजी जाड ताडपत्रीची दुहेरी पडशी शिवून घ्यावी. बाजारात ताडपत्री शिवणारे कारागीर अजून आहेत. मातीचा एक नमुना अर्ध्या किलोचा. असे वीस नमुने दोन बाजूंना सारखे वाटले तरी पाच-पाच किलो होतात, त्याला लोखंडी सांगाडा कशाला? फक्त पडशी मागच्या चाकात आणि सायलेन्सरवर जाऊ नये म्हणून एक-एक वाकवलेली सळई पुरे. भाच्याने ताडपत्रीऐवजी नव्या तऱ्हेचे जलाभेद्य कापड सुचवले. तेवढी आधुनिकता मामाजींनी मान्य केली.

इंजिनाखालच्या पत्र्यावर भाचा ठाम राहिला आणि मामाजींनी अडविलेही नाही, केवळ एक दुरुस्ती सुचविली: त्याला मोठी छिद्रे असावीत. बंद पत्र्यात काळी माती साचते, इंजिनाच्या बुडाशी घट्ट थर बसतो, आणि मग वारा लागून थंड होणारे इंजिन मातीचे पांघरूण घेऊन आश्विनाच्या उन्हात तापत राहते. ह्याच न्यायाने ऑइल कूलरच्या पापुद्र्यांतला चिखल रोज पाण्याने, पण फार जोर न देता, धुवावा. चार दिव्यांपैकी दोन उरले, तेही वेगळा फ्यूज आणि रिले घालून. मूळ वायर सोलून त्यावर जोड देणाऱ्याला मामाजी इलेक्ट्रिशियन न म्हणता कसाई म्हणतात.

शेवटी चेन स्प्रॉकेट निघाले, आणि येथे गंमत अशी झाली की दोघांनी बाजू बदलल्या. भाच्याने पुढचे स्प्रॉकेट एका दाताने लहान करावे असे लिहून पुन्हा खोडले होते. मामाजींनी ते खोडलेले वाचले आणि तेच करावे असा आग्रह धरला. धरून चाला, पुढे तेरा दाते आणि मागे एकोणचाळीस. म्हणजे मागचे चाक एकदा फिरण्यास पुढचे स्प्रॉकेट तीनदा फिरते. पुढे बारा केले तर सव्वातीनदा. मागचे स्प्रॉकेट तीन दातांनी मोठे करून जे साधेल तेच पुढच्या एका दाताने साधते, आणि खर्च त्याहून पुष्कळ कमी. पहिल्या गिअरात गाडी माणसाच्या चालीने चालली पाहिजे, क्लच अर्धवट न दाबता. नाही तर क्लचच्या प्लेटा जळतात. भाचा म्हणाला, "पण मग नागपूरला जाताना इंजिन किंचाळत राहील, पेट्रोल जास्त लागेल, आणि लहान स्प्रॉकेटवर चेनही लवकर जाईल." हे सारे बरोबर होते. मला विचाराल तर जो माणूस महिन्यातून एखादे वेळी नागपूरला जातो आणि रोज पांदणीत शिरतो त्याने बारा दातेच घ्यावेत. पण ज्याची गाडी त्याची चेन, आणि तो मुद्दा दिवाळीनंतरवर टाकला गेला.

मामाजींनी फर्द परत देताना तिच्या तळाशी स्वतःच्या हाताने एक बाब वाढवली. क्लचची एक जादा केबल घ्यायची, आणि ती पडशीत न ठेवता आत्ताच, चालू केबलीच्या शेजारून, त्याच वळणांनी, हँडलपासून इंजिनापर्यंत ओवून, दोन्ही टोकांना रबराची टोपी घालून बांधून ठेवायची; म्हणजे रानात केबल तुटली तर टाकी न खोलता केवळ दोन टोके अडकवून निघता येते. भाच्याने ते वाचले, त्याला ते मनापासून आवडले, आणि गंभीर चेहऱ्याने त्याने विचारले की गाडीवर न जोडलेली, पण गाडीलाच बांधलेली केबल ही कलम ५२ खाली फेरफार ठरते की नाही. मामाजी ह्या प्रश्नाचा खराखुरा विचार करू लागले, दाखल्याची प्रत मागवली, आणि जेवणाची पाने मांडली तरी त्यांचा निकाल बाहेर पडला नव्हता.